हे दुखणं आपल्या हातातलं नाही, हे ओळखताना

2024 च्या उन्हाळ्यात आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आलेल्या एका पेशंटच्या उजव्या खांद्याला आम्ही अकरा दिवस शेक दिला, टेन्स (दुखणं कमी करणारं सौम्य विजेचं यंत्र) लावलं, व्यायाम शिकवले. खांदा काही केल्या बरा होईना. बाराव्या दिवशी त्यांच्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर असल्याचं कळलं, त्याच बाजूची पापणी किंचित खाली आलेली दिसली. छातीचा एक्सरे काढायला पाठवलं, तर फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी गाठ निघाली. खांद्याचा सांधा पहिल्या दिवसापासून सगळ्या दिशांनी मोकळा हलत होता. आखडलेला खांदा असा हलत नाही. खूण समोर होती आणि आम्ही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये आम्ही दोघी फिजिओथेरपिस्टनी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या क्लिनिकमध्ये एक पद्धत बसवायला घेतली. कुणाला डॉक्टरकडे पाठवायचं, किती घाईनं, चिठ्ठीत काय लिहायचं आणि पेशंट तिथे पोहोचला की नाही हे कसं कळणार. ती बसायला वर्ष लागलं. नव्यानं क्लिनिक टाकलेल्यांना उपयोगी पडेल म्हणून ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं लिहिते आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात धोक्याच्या खुणा गोळा करून 34 प्रश्नांचा फॉर्म तयार केला. दोनशे प्रती काढल्या. पंधरवड्यातच तो फसला. पाठ दुखणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या फॉर्मवर एखादी तरी खूण होतीच: वय 50 च्या पुढे, रात्री दुखतं, वजन उतरलं. मग काय सगळ्यांनाच एमआरआयला पाठवायचं? खासगी केंद्रात त्याला काही हजार रुपये जातात. एकट्यादुकट्या खुणेला फारसा अर्थ नसतो, हे तेव्हा नीट उमगलं. रात्रीच्या दुखण्याचंच घ्या. कूस बदलताना कळ येऊन जाग येणं साध्या पाठदुखीतही रोजचं आहे. कूस बदलून, उठून बसून, घरात फेऱ्या मारूनही जे तसूभर कमी होत नाही ते दुखणं वेगळं. वजन उतरलंय, पण माणूस दोन महिने ठरवून कमी जेवतोय, तर ती खूण नाही. वजन उतरलंय, भूक मेली आहे आणि काही वर्षांपूर्वी स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालंय, तर चिठ्ठी त्याच दिवशी. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड या ठिकाणचे कर्करोग हाडांत उतरू शकतात, आणि मधे बरीच वर्षं गेलेली असली तरी ते विचारात घ्यावंच लागतं.

फॉर्मवर शेवटी 9 प्रश्न राहिले, आणि खरं काम त्यांच्या शब्दांवर झालं. ‘तुम्हाला कधी कॅन्सर झाला होता का?’ याला लोक पटकन ‘नाही’ म्हणतात. ‘कधी कुठली गाठ काढली होती का, किमो किंवा लाईट (रेडिएशन) घ्यावे लागले होते का?’ असं विचारलं की उत्तर येतं. वजनासाठी ‘बांगड्या, अंगठी, पट्टा सैल झालाय का?’ तापासाठी ‘संध्याकाळी अंग कसकसतं का, रात्री घामानं कपडे बदलावे लागतात का?’ आणि जो प्रश्न विचारायला सगळेच कचरतात, तो असा: ‘शौचाला जाऊन आल्यावर धुताना पाण्याचा स्पर्श पूर्वीसारखा कळतो का? लघवी सुरू व्हायला वेळ लागतो का? झाल्याचं समजतं का?’ ‘जांघेत बधिरपणा आहे का’ असं विचारलं की लोक मांडीला हात लावून ‘नाही’ म्हणतात. पाण्याच्या स्पर्शाचा प्रश्न मात्र आजींनाही लगेच कळतो.

हे प्रश्न मुलासमोर किंवा जावयासमोर विचारू नका. बरोबर आलेल्या माणसाला ‘जरा केसपेपर भरून द्या’ म्हणून बाहेर पाठवायचं आणि पडदा ओढायचा. पुरुष पेशंट आम्हा बायकांना या गोष्टी सांगताना अवघडतात. त्यांना तेच प्रश्न छापलेला कागद देतो, ते खूण करून देतात. औषधांची नावंही विचारत बसत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगतो, ओळखीतल्या कुणी दिलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांसकट. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याचा मणका साध्या वाकण्यानंही दबू शकतो, आणि कुठल्या पुडीत काय आहे हे पेशंटला माहीत नसतं.

पहिल्या दोन महिन्यांतला सगळ्यांत मोलाचा बदल म्हणजे हेच 9 प्रश्न तिसऱ्या भेटीत पुन्हा विचारायचे. पहिल्या दिवशी पेशंट कळांनी हैराण असतो, आपल्याला ओळखत नसतो, ‘आधी शेक द्या’ एवढंच त्याला हवं असतं. तिसऱ्या भेटीपर्यंत त्याची भीड चेपते, आणि दुखणं कसं वागतंय हेही आपल्याला दिसलेलं असतं. स्नायू-सांध्याचं दुखणं एका शिस्तीत वागतं: एखाद्या हालचालीनं वाढतं, एखाद्या स्थितीत निवतं, उपचारानं थोडं तरी जागचं हलतं. कुठल्याच हालचालीनं ज्याच्यात फरक पडत नाही, ते दुखणं स्नायू-सांध्याचं आहे असं धरून चालू नये. पेशंट ‘काही फरक नाही’ म्हणाला की व्यायाम बदलण्याआधी प्रश्न पुन्हा काढायचे.

सामानाला फार लागलं नाही: 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, रिफ्लेक्स हॅमर, डिजिटल बीपी मशीन, ऑक्सिमीटर, थर्मामीटर आणि शिंप्याची टेप. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत. बीपी प्रत्येकाचं पहिल्या भेटीत, पाच मिनिटं शांत बसवून. 180/110 किंवा त्याहून जास्त आलं तर पुन्हा मोजायचं, आणि तेवढंच राहिलं तर त्या दिवशी व्यायाम नाही. सोबत डोकं ठणकत असेल, नजर अंधुक झाली असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट हॉस्पिटल.

जुलैच्या सुरुवातीला पालख्या पुण्यातून पुढे गेल्या. माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत एका दिवसात चालणारे आमच्या भागात पुष्कळ आहेत, त्यामुळे पुढचा आठवडा पोटऱ्यांचा असतो. दोन्ही पोटऱ्या दुखतात, टाचा उचलल्यावर जास्त दुखतात, सूज नाही, तर चालण्याचा ताण. एकच पोटरी, सुजलेली, गरम, बोटानं दाबलं की खळगा राहतो, आणि माणूस चालून आल्यावर तीन-चार दिवस अंथरुणाला खिळून होता, तर रक्तवाहिनीत गुठळी असू शकते. टेप इथे लागते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा. फरक 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर गुठळीची शक्यता मोजणाऱ्या वेल्स गुणांकात एक गुण मिळतो. पाय संपूर्ण सुजणं, खळगा पडणं, शिरेच्या रेषेवर दाबल्यावर दुखणं, गेल्या 12 आठवड्यांतलं मोठं ऑपरेशन किंवा तीन-जास्त दिवस अंथरूण (दोन्ही मिळून एकच), प्लास्टर, चालू असलेला कर्करोग, आधी झालेली गुठळी, वर फुगून आलेल्या शिरा, यांचाही प्रत्येकी एक. दुसरं कारण तितकंच संभवत असेल तर दोन वजा. बेरीज दोन किंवा जास्त आली तर त्याच दिवशी डॉक्टर आणि डॉपलर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). तोवर मालिश नाही, दाबपट्ट्याही नाहीत. पाऊल वर वाकवून पोटरीत दुखतं का बघण्याची जुनी होमन्स चाचणी आम्ही सोडून दिली, तिच्यानं निर्णय बदलत नाही. घरी जाऊन गुडघाबदलानंतरचे व्यायाम देणाऱ्यांनी टेप पिशवीतच ठेवावी. अशा पेशंटला अचानक धाप लागली तर पाय सोडा, 108 ला फोन करा.

त्याच पावसात सिंहगड चढताना घोटा मुरगळलेले येतात. एक्सरे लागेल का हे ठरवायला त्यांच्यासाठी 1992 पासून वापरात असलेले ओटावा नियम पुरतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाची मागची कड खालून 6 सेंटिमीटरपर्यंत दाबायची, टोकही दाबायचं. करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावरचं हाड आणि आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर, हेही दाबायचं. यातल्या कुठल्याही हाडावर दुखलं, किंवा पडल्यापडल्याही आणि आत्ताही चार पावलं टाकता येत नसली, तर आधी एक्सरे. लंगडत टाकलेली पावलंही चालतात, हे लक्षात ठेवायचं.

ऑगस्टमध्ये ढोल-ताशा पथकांचे सराव जोरात असतात. कमरेला ढोल बांधून रोज दोन-तीन तास वाजवणाऱ्या विशीतल्या मुलांची पाठ दुखली की घरचे, पथकातले आणि आपणही ढोलाला दोष देऊन मोकळे होतो. इथे एकच गोष्ट विचारा: सकाळ कशी असते? ढोलानं दुखणारी पाठ वाजवून आल्यावर दुखते आणि झोपून उठल्यावर बरी वाटते. पहाटे जाग आणणारं, उठल्यावर अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी करणारं, चाललं-फिरलं की सुटणारं आणि विश्रांतीनं वाढणारं दुखणं तीन महिन्यांहून जुनं असेल, तर ते सांध्यांच्या दाहाचं, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या जातीचं असू शकतं. कधी डावा नितंब, कधी उजवा, टाचेत दुखणं, डोळा लाल होऊन दुखणं, सोरायसिस, घरात कुणाला असाच त्रास, हे सगळं विचारून घ्यायचं. यात तासाभराची घाई नाही. पण हाडांच्या डॉक्टरांच्या नेहमीच्या फेऱ्यांत न अडकता संधिवाततज्ज्ञांकडे महिनाभरात पोहोचायला हवं. व्यायाम थांबवायचे नाहीत, या आजारात तेही औषधच आहे.

सप्टेंबरमध्ये चिठ्ठीकडे वळलो. आमच्या पहिल्या चिठ्ठ्या पानभर लांब होत्या आणि त्यांत ‘ट्यूमर असावा, एमआरआय करावा’ अशी वाक्यं होती. डॉक्टरांना निदान सांगणारी चिठ्ठी आवडत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. आता अर्धं पान: वय, तक्रार किती दिवसांची, किती भेटी झाल्या, काय केलं, काय बदललं नाही, तपासणीत काय सापडलं आणि काय मुद्दाम शोधूनही सापडलं नाही, चिंता नेमकी कशाची, तोवर कुठला उपचार थांबवला आहे, आमचा फोन. वरच्या कोपऱ्यात तीनपैकी एक: ‘आत्ता’, ‘उद्यापर्यंत’, ‘दोन आठवड्यांत’. ‘आत्ता’ असेल तर नुसती चिठ्ठी द्यायची नाही, पेशंट समोर बसलेला असतानाच फोन लावायचा.

ज्या डॉक्टरांनी व्यायामासाठी पाठवलंय त्यांच्याकडेच परत पाठवताना आधी संकोच वाटायचा. एकदोघांनी फोनवर सुरुवातीला तुटकपणे ‘एक्सरे नॉर्मल आहे, चालू ठेवा’ असंच सांगितलं. तेव्हा वाद न घालता तपासणीतला आकडा सांगायचा: ‘गेल्या गुरुवारी पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद 5 पैकी 4 होती, आज 2 आहे.’ अशा वाक्यावर फोन कुणी ठेवत नाही.

पेशंटला सांगणं याहून अवघड. ‘म्हणजे तुम्हाला जमत नाही का?’ हा प्रश्न येतोच, आणि आधी फार लागायचा. आमचं ठरलेलं उत्तर आहे: ‘तुमचं दुखणं व्यायामानं जितकं हलायला हवं तितकं हलत नाहीये. का, ते आधी बघून घेऊ. तिकडून आलात की आपण पुढे सुरू करू.’ कर्करोग हा शब्द आपण उच्चारायचा नाही. पण ‘काही विशेष नाही, सहज दाखवून या’ असंही म्हणायचं नाही, कारण मग तो जातच नाही.

दिवाळीनंतर पाठीच्या मधल्या भागात दुखणारा एक तिशीतला पेशंट आला. हातात महिन्यापूर्वीचा नॉर्मल एक्सरे. पहिल्या भेटीत ताप नाही म्हणाला. तिसऱ्या भेटीत संध्याकाळी कसकस, रात्री घाम आणि सैल झालेला पट्टा, तिन्ही निघाले. कण्यावरून हळूच मूठ आपटत गेलो, तर एकाच मणक्यावर तो कळवळला. साध्या एक्सरेवर मणक्याची झीज दिसायला हाडातला साधारण 30 ते 50 टक्के खनिजभाग आधी जावा लागतो, म्हणून सुरुवातीचा नॉर्मल एक्सरे काहीच सिद्ध करत नाही. ‘उद्यापर्यंत’ची चिठ्ठी दिली. रजा नाही म्हणून तो चार दिवस गेलाच नाही, आणि त्याचा पत्ता आम्हाला पाचव्या दिवशी फोन केल्यावर लागला. ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) बराच वाढलेला होता, पुढे एमआरआय आणि सुईनं काढलेल्या नमुन्यावरून मणक्याचा क्षयरोग ठरला. औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, बहुतेकदा वर्षभर घ्यावी लागतात, आणि निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये बँकेत जमा होतात. हे सांगितल्यावर अशा घरांतली निम्मी घालमेल थांबते, म्हणून फिजिओथेरपिस्टलाही ते माहीत हवं. ते चार दिवस मनाला फार लागले. तेव्हापासून चिठ्ठ्यांच्या नोंदवहीत शेवटचा रकाना वाढला: ‘पोहोचले का?’

जानेवारी 2025 मध्ये परीक्षा आमच्या दारात आली. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, म्हणजे आमच्याच रस्त्यावर, गुलेन बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकदम वाढले. पुणे परिसरातला आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. जुलाब झाल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. सुरुवातीला अनेकांची पाठ आणि मांड्या दुखतात, पावलांना मुंग्या येतात, आणि हाच माणूस ‘सायटिका झालाय’ म्हणत आपल्याकडे येऊ शकतो.

त्या महिन्यात पाठ किंवा पाय दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाची चार मिनिटांची तपासणी ठरवली. मागच्या तीन आठवड्यांत जुलाब, उलटी, ताप? अशक्तपणा दोन्ही बाजूंना सारखा आहे का, आणि काल होता त्यापेक्षा आज वर चढलाय का? मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येतं का? टाचांवर चालता येतं का? मग हॅमर: गुडघा आणि घोटा, दोन्हीकडे. झटका येत नाही असं वाटलं तर पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगून पुन्हा ठोकायचं, कारण घाबरून आखडलेल्या पायातही झटका दडून बसतो. सायटिकात एका पायाचा, एखादाच झटका मंदावतो. दोन्ही पायांची ताकद उतरत चाललीय आणि झटके गेलेत, तर चिठ्ठी ‘आत्ता’ची. पाठवण्याआधी एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला लावायचे. एरवी 20 पर्यंत सहज जाता येतं; माणूस 15 च्या आत थांबत असेल, आवाज बसला असेल, गिळताना ठसका लागत असेल, तर रिक्षानंही पाठवायचं नाही, 108. ऑक्सिमीटरवर 98 दिसतंय म्हणून थांबायचं नाही. श्वासाचे स्नायू थकत असतानाही तो आकडा शेवटपर्यंत चांगला राहतो. हॉस्पिटल निवडताना अतिदक्षता विभाग आणि मेंदूविकारतज्ज्ञ आहेत का, एवढंच बघायचं. महापालिकेनं त्या वेळी कमला नेहरू रुग्णालयात या रुग्णांसाठी सोय केली होती. जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात काय आहे याची यादी भिंतीवर तेव्हापासून आहे.

भीतीनं आलेलेही खूप होते. मांडी घालून बसल्यानं पायाला आलेल्या मुंग्या, स्कूटर चालवून बधिर होणारी बोटं. ताकद पूर्ण, झटके शाबूत, तर त्यांना तसं स्पष्ट सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करायचा. एक फरक इथे फार कामाला येतो. झटके नाहीसे झाले तर विचार जीबीएसचा. उलट ते उसळत असतील, पायाच्या तळव्यावर ओरखडा काढल्यावर अंगठा वर जात असेल, निऱ्या घालताना किंवा शर्टाची बटणं लावताना बोटं ऐकत नसतील, चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तर मानेत मज्जारज्जू दबत असू शकतो. मान दुखत नसली तरी. अशा मानेला ट्रॅक्शन (मान ओढून धरणारं वजन) लावू नका.

मार्चमध्ये वहीतली सगळ्यांत घाईची चिठ्ठी लिहिली. जुनी डाव्या पायाची सायटिका, रात्रीतून दोन्ही पायांत उतरलेली. पडद्याआड पाण्याच्या स्पर्शाचा प्रश्न विचारला, आणि त्या बाई म्हणाल्या, ‘कालपासून कळतच नाही.’ सकाळपासून लघवीची भावनाच झाली नव्हती. त्यांना वाटलं होतं, पाणी कमी प्यायल्या म्हणून. कण्याच्या शेवटच्या नसांचा झुबका दबला की असं होतं, आणि लघवी पूर्ण तुंबण्याआधी ऑपरेशन झालं तर ताबा परत येण्याची शक्यता चांगली असते. शेक नाही, व्यायाम नाही, ‘आधी लघवीच्या डॉक्टरांना दाखवू’ नाही. त्याच तासात एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही असलेलं हॉस्पिटल. निघण्याआधी काही खाऊ-पिऊ नका असं सांगायचं आम्ही विसरलो, ते आता चिठ्ठीवरच छापलंय. प्रश्न विचारल्यापासून गाडीत बसेपर्यंत 25 मिनिटं गेली, त्यातली दहा नवऱ्याला फोनवर पटवण्यात. त्या रात्री आम्हा दोघींना झोप लागली नाही.

मेमध्ये वर्षाची वही पुन्हा चाळली. ‘दोन आठवड्यांत’च्या कितीतरी चिठ्ठ्यांवरून काहीच निघालं नव्हतं, आणि त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटलं ते शेवटचा रकाना रिकामा असलेल्या ओळींचं. आता ‘आत्ता’च्या पेशंटला दोन तासांनी, ‘उद्यापर्यंत’च्या पेशंटला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला, आणि ‘दोन आठवड्यांत’वाल्याला दहाव्या दिवशी फोन जातो. नंबर पेशंटचा एक आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी एक, पहिल्याच दिवशी घेतो. नव्या केसपेपरवर तिसऱ्या भेटीच्या तारखेभोवती लाल गोल काढलेला असतो.